दुसरी टेप

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिला माझ्या बऱ्याच गोष्टी कळल्या, मी न सांगितलेल्याही. ही नाही कळली. भावाला माहीत नाही, मित्रांपैकी कुणाला नाही. एकदा सांगायचं म्हणून एस.टी.त बसून एका माणसाकडे गेलो होतो — ते पुढे येईल — आणि न सांगता परत आलो. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं दिसत नाही.

गोष्ट नगरची, दुष्काळाच्या वर्षांतली. शहराबाहेर एक सरकारी संस्था होती. नाव सांगत नाही. जे झालं त्यात संस्थेचा दोष नव्हता. तिथे इंजिनांच्या चाचण्या व्हायच्या. शेडमध्ये इंजिन लोखंडी चौकटीवर घट्ट बसवायचं, त्याला भार द्यायचा आणि तासन् तास चालवत ठेवायचं. किती तापतं, तेलाचा दाब किती, फेरे किती — हे आकडे आधी माणसं उभी राहून वहीत लिहायची. मग संस्थेत एक कॉम्प्युटर आला. कपाटाएवढा. पुढच्या बाजूला दिव्यांच्या आणि खटक्यांच्या रांगा, शेजारी टाइपरायटरसारखं एक यंत्र. त्या यंत्रावर टाइप केलं की कागदाच्या लांब पट्टीला भोकं पडायची. ती पट्टी म्हणजे टेप. कॉम्प्युटरला जे काही सांगायचं ते टेपवरून सांगायचं.

तो चालवायला मला घेतलं होतं. मी बेलापूरचा, पुण्यात शिकलेला, वय चोवीस. गावी गेलो की केस कापायला बसल्यावर न्हाव्याच्या दुकानातले सगळे विचारायचे, त्यात नक्की काय असतं? मी सांगायचो, तुम्हाला नाही कळायचं. हे वाक्य म्हणताना मला किती बरं वाटायचं — तेही सांगायला हवं. नाहीतर पुढचं सगळं नुसत्या घाईनं घडलं असं तुम्हाला वाटेल.

माझ्या हाताखाली एकच माणूस होता, अब्बासभाई तांबोळी. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. नगरच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते — छपाईचे, उलट्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम. टाइपिंग शिकले आणि आमच्याकडे टेप पंच करायला लागले. तात्पुरती नेमणूक होती, दर सहा महिन्यांनी पुढे वाढायची. सडपातळ, पान खाणारे, पण यंत्राजवळ येण्याआधी बाहेर जाऊन चूळ भरून येणारे. मला साहेब म्हणायचे. मी त्यांना अब्बासभाई म्हणत होतो, एवढा मान मी देत होतो.

इंजिनाच्या चाचणीचा प्रोग्राम मी लिहिला. थोडं समजावून सांगतो, अवघड नाही. चाचणीच्या आधी दोन टेप लावायच्या. पहिली प्रोग्रामची — तिच्यात कॉम्प्युटरनं काय करायचं ते असायचं. ती एकदाच केलेली, रोज तीच. दुसरी छोटी, त्या दिवसाच्या चाचणीची मांडणी. इंजिनाला मापकं किती लावली आहेत, किती सेकंदांनी वाचायचं, फेरे कुठवर जाऊ द्यायचे. ही मी कागदावर लिहून द्यायचो आणि अब्बासभाई पंच करायचे. मग कॉम्प्युटर स्वतःच इंजिनाची रेस हळूहळू वाढवत न्यायचा, आणि फेरे ठरल्या हद्दीपलीकडे गेले की रेस बंद करायचा.

मापकं जास्तीत जास्त सोळा. म्हणून मेमरीत मी सोळा घरांचा तक्ता केला होता. सुरुवातीला प्रोग्राम मांडणीच्या टेपवरचा आकडा वाचायचा आणि तेवढी घरं पुसून शून्य करायचा. सोळा सांगितली, सोळा पुसली. बारा सांगितली, बारा. आणि सोळाच्या वर सांगितली तर? तर तक्ता संपल्यावर पुढे जे काही असेल ते पुसलं जाणार. पुढे काय होतं? तक्त्याला लागूनच रेस बंद करायचा भाग होता. मीच तो तिथे ठेवला होता.

हे मला ठाऊक होतं का? होतं. तिथं एक तपासणी घालायला हवी, हे पुस्तकात वाचलं होतं आणि ज्यांनी मला शिकवलं त्यांनीही सांगितलं होतं. बाहेरून आलेला आकडा आधी पाहायचा. बसत नसेल तर परत पाठवायचा, काम सुरूच करायचं नाही. अठरा-वीस सूचनांचं काम. मेमरीत जागा नव्हती असंही म्हणता येणार नाही. जागा होती. पन्नासेक घरं रिकामी होती.

आणि हा प्रश्न मला एका माणसानं विचारलाही होता. प्रोग्राम पहिल्यांदा चालला त्या दिवशी अब्बासभाई टेप गुंडाळत होते. म्हणाले, "साहेब, एक ईचारू का? माझ्या हातनं आकडा चुकीचा पडला तर मशीन काय करंल?"

मी म्हटलं, "चुकीचा पाडायचा नाही."

ते हसले. म्हणाले, "तसं न्हाई. छापखान्यात आमी प्रूफ काढल्याबिगर छापत न्हवतो. हात कुनाचाबी चुकतो. हितं प्रूफ कोन बघतंय?"

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवतं. म्हणालो, "अब्बासभाई, हे लग्नपत्रिका छापायचं यंत्र नाही."

त्यांनी मान हलवली आणि टेप डब्यात ठेवली. राग आलेला दिसला नाही. पण त्या दिवसानंतर तपासणी घालणं मला आणखीच अवघड झालं. का, ते तुम्हाला कळेलच. घातली असती तर कंपोझिटरनं सुचवली म्हणून घातली, असं झालं असतं. कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. मला कळलं असतं.

आमचे विभागप्रमुख राघवनसाहेब. मद्रासकडचे, शांत माणूस. वरचे अधिकारी पाहायला येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी माझा प्रोग्राम चाळला. त्यांना त्यातलं फार कळत नव्हतं, पण इंजिनिअर म्हणून पक्के होते. त्यांनी विचारलं, चुकीची मांडणी दिली तर हा नाकारतो ना? मी म्हणालो, हो सर, नाकारतो.

एक शब्द. त्या वेळी वाटलं, पुढच्या आठवड्यात घालून टाकू. पुढच्या आठवड्यात दुसरं काम निघालं. मग प्रोग्राम दोन महिने रोज बिनचूक चालला. रोज चालणाऱ्या गोष्टीला कोण हात लावतं?

त्या दिवशी सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मी मांडणीचा कागद दिला. मापकं सोळा. अब्बासभाईंनी पंच केलं एकसष्ट. बोटं उलटी पडली — एकाच्या आधी सहा. हे खरंच घडलं, ते मी लपवत नाही आणि वाढवतही नाही. चांगल्या टाइपिस्टच्या हातून महिन्यातून एकदा होते तेवढी ही चूक.

टेप लावली. प्रोग्रामनं एकसष्ट घरं पुसली. इंजिन सुरू झालं, आकडे छापले जायला लागले, सगळं नेहमीसारखं. मी खोलीत चहा पीत होतो. शेडमध्ये नामदेव होता. नामदेव सुप्याचा, आमचा मेकॅनिक, वयानं माझ्याएवढाच. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला बोल्ट सैल आहे ते सांगायचा. रेस वाढत गेली. फेरे हद्दीला पोचले तेव्हा प्रोग्राम रेस बंद करायच्या भागाकडे गेला, आणि तिथे काहीच नव्हतं. छपाई थांबली. पुढचे दिवे जसे होते तसे थिजले. रेस उघडीच राहिली.

आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला. इंजिनाचा आवाज चढतो तेव्हा एका ठिकाणी तो थांबायला हवा, हे कानाला सवयीनं कळतं. तो थांबला नाही. मी खिडकीशी गेलो. नामदेव इंजिनाकडे पळत होता. डिझेलचा कॉक हातानं बंद करायला. प्रोग्रामनं जे करायचं ते तो करायला निघाला होता. कॉकपर्यंत त्याचा हात पोचलाही. तेवढ्यात इंजिनाच्या आतला दांडा तुटला आणि इंजिनाची बाजू फोडून बाहेर आला. नामदेवच्या डाव्या गुडघ्याखाली लागला.

त्याला जीपमध्ये घालून सिव्हिल हॉस्पिटलला नेलं. अब्बासभाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसले होते. राघवनसाहेब पुढे. मला म्हणाले, तू थांब, मशीनला कुणाला हात लावू देऊ नकोस.

मी थांबलो.

आता हे नीट सांगायला हवं. पहिला अर्धा तास मी काही केलं नाही. मांडणीची टेप काढून उजेडात धरली, भोकं वाचली. सहा, एक. तेव्हा समजलं काय झालं ते. सगळं एकदम समजलं — कुठली घरं पुसली गेली, का, आणि कुणी काय विचारलं होतं आणि मी काय म्हणालो होतो. पुढे काय होईल तेही दिसलं. राघवनसाहेब येतील आणि विचारतील, तू तर म्हणाला होतास नाकारतो.

मी खुर्चीत बसलो आणि ती तपासणी लिहिली. एकोणीस सूचना. नवी प्रोग्रामची टेप पंच केली. चाळीस मिनिटं लागली. दोन महिने मला जी चाळीस मिनिटं मिळाली नव्हती ती त्या दुपारी मिळाली. मग यंत्रावर ती लावली आणि अब्बासभाईंची तीच मांडणीची टेप दिली, एकसष्टची. कॉम्प्युटर थांबला आणि इंग्रजीत दोन शब्द छापले, आकडा अमान्य. पहिल्याच खेपेला बरोबर चाललं. काम नीट जमल्यावर वाटतं तसं क्षणभर बरंसुद्धा वाटलं. हे सांगायला मला सगळ्यात जड गेलं, पण तसं वाटलं होतं.

नवीन टेपवर पेन्सिलीनं 'दोन' लिहिलं आणि खाली मागच्या शनिवारची तारीख घातली. जुनीवर 'एक' लिहिलं. नवी कपाटाच्या वरच्या खणात ठेवली, जुनी यंत्राजवळ होती तिथेच राहू दिली. छापलेला कागद फाडून खिशात घातला. मग हॉस्पिटलला गेलो. नामदेवचा पाय गुडघ्याखाली कापावा लागणार हे तोवर ठरलं होतं. अब्बासभाई बाहेर बाकावर बसले होते, सदऱ्यावर रक्त वाळलेलं. मला पाहून उठले. म्हणाले, "साहेब, माझाच आकडा चुकला का?"

मी म्हणालो, "बघू. आत्ता नको."

राघवनसाहेबांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. सर, तपासणी मी शनिवारीच पक्की केली होती, नवीन टेपवर. सोमवारी ऑपरेटरनं जुनी लावली. त्यांनी दोन्ही टेप पाहिल्या, तारीख पाहिली. त्यांना संशय आला होता का? मी पुष्कळदा विचार केला आहे. ते फक्त म्हणाले, हे लिहून दे. मी लिहून दिलं.

दोन महिन्यांनी चौकशीला बाहेरून तीन अधिकारी आले. राघवनसाहेबांच्या खोलीत बसले. त्यांना मराठी येत नव्हतं, अब्बासभाईंना इंग्रजी जेमतेम. दुभाष्या म्हणून मलाच बसवलं. तुम्हाला हे विचित्र वाटेल. तिथे कुणाला वाटलं नाही. ते इंग्रजीत विचारायचे, मी मराठीत सांगायचो. अब्बासभाई उभ्यानं उत्तर द्यायचे, मी इंग्रजीत करायचो. बसा म्हणून त्यांना कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

त्यांनी विचारलं, नवीन टेप आली आहे हे याला कळवलं होतं का?

मी मराठीत म्हणालो, "अब्बासभाई, नवी टेप वरच्या खणात ठेवलीय, आता तीच लावायची, हे मी शनिवारी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादी वस्तू आपण कुठे ठेवली ते आठवताना माणूस पाहतो, तसं. ते खरंच आठवत होते. शनिवार, दुपार, कपाट, मी काय बोललो — सगळं मनात चाचपून पाहत होते. त्यांच्या डोक्यात हे आलंच नाही की मी खोटं बोलत असेन.

"सांगितलं असंल, साहेब," ते म्हणाले. "तुमी म्हनताय म्हंजे सांगितलंच असंल. माझ्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

मी इंग्रजीत सांगितलं — त्याला सांगितलं होतं, तो विसरला.

बाकी सगळ्या चौकशीत मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. तेवढा एक 'असंल' गाळला.

अहवालात आलं की आकडा उलटा पंच झाला आणि सूचना देऊनही जुनी टेप लावली गेली. एका अधिकाऱ्यानं असंही लिहिलं की ऑपरेटर पूर्वी खिळे जुळवत असल्यानं त्याला उलटं वाचायची सवय असावी. राघवनसाहेबांनी ते वाक्य काढा म्हणून सुचवलं, पण राहिलं. पोलिसात देऊ नये, माणूस कष्टाळू आहे, असं मी बोललो. समितीला ते आवडलं. अब्बासभाईंची नेमणूक पुढे वाढवली नाही, एवढंच झालं. माझ्या प्रोग्रामबद्दल अहवालात चार चांगले शब्द होते: चुकीची मांडणी नाकारण्याची सोय त्यात आहे, इतरांनी तिचं अनुकरण करावं.

अब्बासभाई बायकोमुलांना घेऊन शेवगावला सासुरवाडीला गेले. त्या साली शेवगावात काय काम मिळणार? रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला लागले, असं आमचा शिपाई म्हणाला. मी फाइलमधून मान वर केली नाही. नगरहून बेलापूरला जाताना रस्त्याच्या कडेला माणसं ओळीनं बसून खडी फोडताना दिसायची, डोक्यावर फडकी बांधलेली. मी एस.टी.त दुसऱ्या बाजूच्या खिडकीला बसायला लागलो.

नामदेवनं वर्षभरानं काम सोडलं. त्याला स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं होतं, पण इंजिनापासून लांब बसणं त्याला जमलं नाही म्हणे. सुप्याला पुणे रस्त्यावर त्याने पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी त्याला भेटायला एकदाही गेलो नाही.

मी पुढे पुण्याला गेलो, मग बंगलोरला. माझं बरं चाललं. कामात माझं नाव झालं ते एकाच गोष्टीसाठी. माझ्या हाताखाली तयार झालेला कुठलाही प्रोग्राम बाहेरून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. आकडा आहे का, हद्दीत आहे का, त्याला अर्थ आहे का — आधी हे, मग काम. नवे इंजिनिअर कंटाळायचे. मग मी त्यांना एक गोष्ट सांगायचो. एका चाचणी केंद्रात एका ऑपरेटरनं सोळाच्या जागी एकसष्ट लिहिलं आणि शिवाय जुनी टेप लावली. एका मेकॅनिकचा पाय गेला. दरवर्षी सांगायचो. हो, तशीच सांगायचो, दोन टेपची. मला कुणी भाग पाडत नव्हतं. ऑपरेटर वगळूनही गोष्ट सांगता आली असती. नाही सांगितली.

दहा-अकरा वर्षांनी मी शेवगावला गेलो. कशानं गेलो, ते मला धड सांगता येत नाही. काही घडलं नव्हतं, कुणी काही म्हटलं नव्हतं. नगरला काम होतं, ते दुपारीच संपलं, स्टँडवर शेवगावची गाडी लागली होती. चढलो. वाटेत वाक्य तयार केलं. अब्बासभाई, दुसरी टेप नव्हतीच. एवढं बोललं की झालं, बाकी ते विचारतील.

बाजारात विचारलं तर लगेच सापडले. एका छोट्या छापखान्यात होते. पायानं चालवायचं यंत्र, भिंतीला पत्रिकांचे नमुने. केस पांढरे झाले होते. मला पाहिलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. "साहेब," म्हणाले, "तुमी हितवर आलात." खुर्ची पुसली. चहा सांगितला. कुणी गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला म्हणाले, "हे आमचे नगरचे साहेब. लई मोटा मानूस."

मग गिऱ्हाईक गेलं. मी चहाचा कप धरून बसलो होतो. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "नामदेवकडं गेल्तो मागच्या महिन्यात."

मी विचारलं, "कोण नामदेव?" खरंच विचारलं मी असं.

"आपला सुप्याचा. मी वर्साला दोन चकरा मारतो. पैल्यांदा गेलो तवा त्यानं दारात उभं केलं न्हवतं. बरुबर हाय त्याचं. दुसऱ्यांदाबी तसंच. मग तिसऱ्या वर्सी बस म्हनला. आता धाकट्या भनीच्या लग्नाची पत्रिका त्यानं माझ्याकडनंच छापून घेतली." शाईचं फडकं घडी करून ठेवलं. "पन साहेब, मला अजून त्यो शनवार आठवत न्हाई. लई डोकं खाजवलं. तुमी सांगितलं, मी ऐकलं आसंल, आन् कुटं गेलं ते कळत न्हाई. मानसाचा पाय गेला आन् मला आठवतबी न्हाई, ह्ये कसलं डोकं म्हनायचं?"

हाच क्षण होता, नाही का? वाक्य तयार होतं. समोरचा माणूस अकरा वर्षं ते एकच वाक्य शोधत होता आणि ते माझ्या तोंडात होतं. बाहेर रस्त्यावर रहदारी होती, आत आम्ही दोघंच. राघवनसाहेब निवृत्त झाले होते. माझी नोकरी जाण्याचा प्रश्न नव्हता. मला धोका काय होता? काही नाही. फक्त त्यानं माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं.

मी म्हणालो, "जाऊ द्या अब्बासभाई. झालं ते झालं."

ते म्हणाले, "तुमी म्हनता म्हनून."

स्टँडपर्यंत सोडायला आले. नको म्हटलं तरी आले. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते. नखांच्या कडांना शाई होती, डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती — खडीच्या कामावर हातोडी बसली, म्हणाले, आता उजव्या हातानंच खिळे जुळवतो, सवय झाली. मग गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीच्या गजावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, एक सांगायचं ऱ्हायलंच. चवकशीत तुमी माझी बाजू घेतली, पोलिसात जाऊ दिलं न्हाई. शिपायानं सांगितलं हुतं मला. ते मी इसरलो न्हाई."

मी मान हलवली. गाडी निघाली. तिकीट काढलं, पाथर्डी रस्त्याचे दिवे लागायच्या आत डोळे मिटून घेतले. झोपही लागली.

त्याला आता फार वर्षं झाली. नामदेव आधी गेला. अब्बासभाई नंतर; त्यांच्या मुलीचं पत्र आलं होतं, आमच्या पत्त्यावर, कारण त्यांनी माझा पत्ता वहीत जपून ठेवला होता. नामदेवच्या शेवटच्या दुखण्यात सुप्याला जायचं राहिलं म्हणून जीव लागून राहिला होता, असं तिनं लिहिलं होतं. मी उत्तर पाठवलं, दोन ओळींचं. फार चांगला माणूस होता, असं लिहिलं.

ज्यांना सांगायला हवं होतं ते दोघंही नाहीत, तेव्हा मी तुम्हाला सांगतो आहे. हे माझ्या सोयीचं आहे, हे मला कळतं. अब्बासभाईंनी त्या सोमवारी प्रोग्रामची जी टेप लावली ती बरोबर होती. शनिवारी मी त्यांच्याशी काही बोललो नव्हतो. शनिवारी त्यांनी सुट्टी घेतली होती, मुलीला ताप होता म्हणून. रजेचा अर्ज माझ्याच टेबलावर होता. चौकशीच्या आधी मी तो फाडला.